दात काढल्यानंतरचा तिसरा दिवस

दात काढला की दुखणे संपले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. भूल उतरल्यावर थोडे ठणकते, रात्री एखादी गोळी घ्यावी लागते, दुसऱ्या दिवशी गालावर किंचित सूज दिसते, पण दुखणे उताराला लागलेले असते. चार-पाच दिवसांनी माणूस दात काढल्याचे विसरूनही जातो. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र उलटे घडते. पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी, कधी चौथ्या दिवशी, काढलेल्या दाताच्या जागी असा ठणका सुरू होतो की त्यापेक्षा किडकी दाढ परवडली असे वाटावे. ठणका कानात जातो, कानशिलापर्यंत चढतो. नेहमीच्या गोळीने तासभर बरे वाटते, पुन्हा तेच. तोंडाला घाण वास येतो, जिभेवर कडवट चव राहते. रात्र बसून काढावी लागते.

या प्रकाराला दंतवैद्यकात 'ड्राय सॉकेट' म्हणतात. सॉकेट म्हणजे जबड्याच्या हाडातील दाताची खोबण. ती कोरडी, रिकामी पडते म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव 'अल्व्हिओलर ऑस्टायटिस', म्हणजे खोबणीच्या हाडाचा दाह. 'ड्राय सॉकेट' हे नाव वैद्यकीय लेखनात १८९६ सालापासून आहे, तेव्हा दुखणे काही नव्या जमान्याचे नाही. आपण या लेखापुरते त्याला 'कोरडी खोबण' म्हणू.

दाताचा विषय आणि लिहिणारा मात्र एम.बी.बी.एस., असे कुणाला वाटेल. त्याचे कारण असे की, हे दुखणे दंतवैद्याकडे परत जाण्याआधी बहुधा आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याच्या दवाखान्यात येते. आमचे गाव धुळे-जळगाव रस्त्यावरचे. इकडचा माणूस दाढ काढायला धुळ्याला नाहीतर जळगावला जातो. तिसऱ्या दिवशी दुखू लागले की पुन्हा एस.टी.चे भाडे खर्चा आणि एक रोज मोडा, त्यापेक्षा चौकातला डॉक्टर बरा, असा तो विचार करतो. येतो तेव्हा तक्रार दाताची नसतेच. कान दुखतो, अर्धे डोके दुखते, क्वचित 'अर्धशिशी उठली' अशी ती असते. दात तर काढून टाकला, जो नाहीच तो दुखेल कसा, असा त्याचा सरळ हिशोब. पंचवीस-तीस वर्षांत असे 'कान' मी पुष्कळ पाहिले आहेत. कानात बॅटरी मारावी तर पडदा स्वच्छ, चकचकीत. मग सवयीने विचारायचे, भाऊ, आठवड्याभरात दात-दाढ काढली का? हो म्हणाला की तोंडात बॅटरी मारायची. मागे, खालच्या बाजूला एक रिकामा खड्डा दिसतो, त्याच्या तळाशी करड्या-पिवळट रंगाचे उघडे हाड, आणि बरेचदा सकाळच्या भाकरीचे कण.

खड्ड्यात काय होते

दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. तो काढला की हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. हा खड्डा लगेच रक्ताने भरतो आणि काही मिनिटांत ते रक्त साखळून त्याची गुठळी होते. कोपर खरचटल्यावर खपली धरते, तशीच ही आतली खपली समजा. दिसायला काळपट-लाल, थोडी किळसवाणीच. पण पुढचे सगळे काम तिच्या आधाराने चालते. उघड्या हाडावर आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवर ती पांघरूण घालते. पुढच्या काही दिवसांत तिच्यातूनच नव्या रक्तवाहिन्या आणि नवे मऊ मांस धरू लागते. वरून हिरडी जुळून यायला तीन ते पाच आठवडे जातात आणि आतला खड्डा हाडाने भरून यायला काही महिने.

ही गुठळी वेळेआधी नाहीशी झाली तर हाड उघडे पडते. त्यावर थंड-गरम पाणी, अन्नाचे कण, लाळ आणि तोंडातले असंख्य जंतू यांचा मारा सुरू होतो. त्याचाच तो ठणका.

गुठळी नाहीशी का होते? चूळ भरताना, थुंकताना ती निसटून पडते, असे पूर्वी सांगत आणि त्यात काही तथ्य असेलही. पण डेन्मार्कचे संशोधक बिर्न यांनी १९७३ च्या सुमारास जी उकल मांडली, तीच आज मुख्यतः ग्राह्य धरतात. रक्ताची गुठळी 'फायब्रिन' नावाच्या बारीक तंतूंच्या जाळ्याने बांधलेली असते. हे जाळे विरघळवणारे 'प्लास्मिन' नावाचे द्रव्यही आपल्याच शरीरात असते. गुठळीची गरज संपली की तिची विल्हेवाट लावायची, हे त्याचे काम. दात काढताना हाडाला जास्त इजा झाली, किंवा त्या जागी जंतूंची वस्ती आधीपासून असली, तर हे द्रव्य फार लवकर आणि फार जोराने कामाला लागते आणि गुठळी आतून विरघळत जाते. त्याला दीड-दोन दिवस लागतात. म्हणून दुखणे पहिल्या दिवशी न येता तिसऱ्या दिवशी येते. ही वेळच या दुखण्याची मोठी खूण आहे.

आणि कानाचे म्हणाल तर, खालच्या जबड्याला संवेदना पुरवणारी नस आणि कानाच्या पुढच्या भागाला व कानशिलाला संवेदना पुरवणारी नस या एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. तार एक, दिवे दोन. मेंदूला कोणत्या दिव्याकडून निरोप आला ते नीट कळत नाही.

शेजारचा निरोगी दात

साध्या दात काढण्यात हा त्रास शंभरात साधारण दोन ते पाच जणांना होतो. खालच्या जबड्यातील अडकलेली अक्कलदाढ हिरडी कापून, हाड कोरून काढावी लागली तर हे प्रमाण बरेच वाढते. काही अभ्यासांत ते शंभरात पंचवीस-तीसपर्यंत आढळले आहे. वरच्या जबड्यात हा प्रकार फार कमी. खालचे हाड घट्ट आणि त्याचा रक्तपुरवठा त्या मानाने मोजका, हे त्यामागचे कारण समजले जाते. विशीपासून चाळिशीपर्यंतच्या माणसांत तो अधिक दिसतो. ज्याला एकदा झाला, त्याला दुसऱ्या दाढेच्या वेळी पुन्हा होण्याचा संभव जास्त.

या दुखण्याने माणूस मरत नाही. औषध केले नाही तरी आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप कमी होते. मग त्यावर अख्खा लेख कशाला? तर या आठ-पंधरा दिवसांत आपल्याकडे जे काही केले जाते त्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. तिशीतला एक शेतकरी माझ्याकडे आला. सोमवारी त्याने धुळ्याला खालची अक्कलदाढ काढली होती. गुरुवारी रात्री कान ठणकू लागला. शुक्रवारी गावातल्या दवाखान्यात कानाचे थेंब आणि एक सुई मिळाली. शनिवारी दुसऱ्या ठिकाणी महागाचे अँटिबायोटिक, शक्तीची गोळी आणि आणखी एक सुई. रविवारी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने खड्ड्यात लवंग कुटून भरली आणि वर तंबाखूची चिमूट दाबली. सोमवारी माझ्याकडे आला तो गाल धरूनच. "काय करू डाक्टरसाहेब, दाढ काढी टाकी तरी कान दुखस," एवढे म्हणाला आणि पुढे म्हणाला की, धुळ्याला निघालोच आहे, त्या डॉक्टरने चुकीची दाढ काढली, आता तिच्या शेजारची काढून घेतो. शेजारची दाढ मी ठोकून पाहिली. कीड नाही, हालत नाही, हिरडी ठीक. अगदी शाबूत दाढ. पण दुखणे तिथेच आहे, असे तो शपथेवर सांगत होता, आणि त्यात त्याचे खोटे काही नव्हते. कोरड्या खोबणीचा ठणका शेजारच्या दातात जाणवतोच.

धुळ्याच्या दंतवैद्यांना मी फोन केला, चिठ्ठी दिली आणि त्याला तसाच बसमध्ये बसवला. त्यांनी खड्डा कोमट सलाईनने धुतला. लवंगेचे तुकडे, तंबाखूचा चोथा आणि शेंगदाण्याचा कण निघाला. औषधाची पट्टी भरली. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम. परतीच्या बसमध्ये गड्याला झोप लागली आणि त्याचे गाव मागे गेले, असे त्याच्या भावाने नंतर सांगितले. आठवडाभर न झोपलेला माणूस तो. औषधांवर, सुयांवर आणि बुडालेल्या मजुरीवर त्याचे जे पैसे गेले, त्यात दोन दाढा निघाल्या असत्या.

या माणसाची दाढ वाचली. सगळ्यांची वाचत नाही. ठणका थांबत नाही म्हणून एकामागून एक दोन चांगले दात काढून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरा दात काढेपर्यंत पहिल्या खोबणीचे दहा-बारा दिवस भरत आलेले असतात, ती आपोआप शांत होते, आणि माणसाची खात्री पटते की खरा दोषी दात दुसराच होता. मग हीच गोष्ट तो पारावर दहा जणांना सांगतो. दाढ काढली की नजर कमी होते ही समजूत जशी पसरली, तशीच ही. (नजरेचा आणि दाढेचा काहीही संबंध नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

दंतवैद्याला दोष देण्याविषयीही दोन शब्द. दाढ अवघड असली, फार ओढाताण झाली, तर कोरड्या खोबणीचा धोका वाढतो हे खरे. पण सराईत हाताने, स्वच्छ हत्यारांनी, व्यवस्थित काढलेल्या दाढेतही हे होते. त्यावरून भांडायला जाण्यापेक्षा औषधाची पट्टी भरून घ्यायला जावे. आठवडे बाजारात चादर अंथरून दात उपटणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून हे काम नोंदणी झालेल्या दंतवैद्याचे आहे. बाजारातल्या सांडशीबरोबर कावीळ फुकट मिळू शकते.

"मशेरी ते दात घासाले"

कोरड्या खोबणीला आमंत्रण देणाऱ्या गोष्टींत आपल्या भागापुरता पहिला मान तंबाखूचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे सुमारे २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले, आणि त्यातले बहुतेक चघळणारे, लावणारे, ओढणारे थोडे. धूम्रपानाबाबत परदेशातल्या एका जुन्या, वारंवार उद्धृत होणाऱ्या अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. अक्कलदाढ काढलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्यांत कोरडी खोबण शंभरात तीनपेक्षाही कमी जणांना झाली, रोज अर्धे पाकीट ओढणाऱ्यांत बारा जणांना, आणि ज्यांनी दाढ काढली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सिगारेट ओढली, त्यांच्यात चाळीसजणांना. वर सांगितलेल्या शेतकऱ्याने धुळ्याच्या बसस्थानकावरच पहिली बिडी पेटवली होती. तोंडातला कापसाचा बोळा काढला तो बिडीसाठी.

आपल्याकडचा अधिक अवघड प्रश्न मशेरीचा आहे, कारण मशेरीला कुणी तंबाखू समजतच नाही. दाढ काढलेल्या एका मावशींना मी विचारले, तंबाखू खाता का? त्या चक्क रागावल्या. "तमाखू? मी हातबी लावस नही." मग मशेरी? "मशेरी ते दात घासाले." दिवसातून किती वेळा? सकाळी, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी आणि झोपताना. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली, कुटून बारीक केलेली तंबाखूच आहे. ती बोटाने हिरड्यांवर घासली की निकोटिन हिरडीतून रक्तात जाते आणि तल्लफ भागते. म्हणून तर चार वेळा 'दात घासावेसे' वाटते. दाढ काढलेल्या माणसाला ती तिहेरी बाधते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, बोटाच्या घासण्याने गुठळी हलते, आणि त्यानंतर चार-पाच जोरदार चुळा आणि थुंकणे आलेच. दंतवैद्य "तंबाखू बंद ठेवा" असे सांगतो, मावशी मान डोलावतात आणि घरी जाऊन मशेरी लावतात. दोघांनाही वाटते की सांगणे-ऐकणे झाले. तेव्हा दंतवैद्यांनी आणि घरातल्या लेकी-सुनांनी मशेरी, तपकीर, गुल अशी नावे घेऊनच विचारावे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. ती किती पाळली जाते ते टपरीपुढे उभ्या राहणाऱ्याला मी सांगायला नको.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती दवाखान्यात कुणी आपणहून बोलत नाही. माला-डी, माला-एन यांसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते आणि त्याने गुठळी विरघळण्याची क्रिया वाढते, असे दिसून आले आहे. म्हणून गोळ्या बंद करण्याचे कारण नाही. मधेच बंद केल्या तर नको असलेले दिवस राहायचे. त्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या असतात. तातडी नसेल तर दाढ त्या लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत काढावी, इतकेच. दंतवैद्य पुरुष असतील आणि सांगायला संकोच वाटत असेल, तर गोळ्यांचे पाकीट नुसते टेबलावर ठेवावे, त्यांना कळते.

दाढेभोवतीची हिरडी सुजून पू झालेला असताना घाईने दाढ काढली, किंवा तोंडाची स्वच्छता मुळातच नसली, तरीही धोका वाढतो. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या यांची माहिती दंतवैद्याला आधी द्यायची, हे वाचकांना ठाऊक आहेच.

सुईने का भागत नाही

कोरड्या खोबणीत बहुधा पू नसतो, ताप नसतो, वाढती सूजही नसते. हा जंतूंनी भरलेला गळू नसून उघडे पडलेले हाड आहे. त्यामुळे अँटिबायोटिकने हे दुखणे बरे होत नाही. गोळी पोटात जाते, रक्तात जाते, पण ज्या खड्ड्यात रक्ताची गुठळीच उरलेली नाही तिथे ती काय करणार? तरीही आपल्याकडे या दुखण्यावर पाच-पाच दिवसांचे अँटिबायोटिक सर्रास दिले जाते. काही वेळा पेशंटच सोडत नाही. सुई दिली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही असे त्याला वाटते. आम्हा एम.बी.बी.एस. मंडळींना साडेचार वर्षांच्या शिक्षणात दातांविषयी फारच थोडे शिकवतात, हेही एक कारण आहे. गरज नसता घेतलेल्या अशा औषधांनी जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

खरा उपाय खड्ड्यातच करावा लागतो. दंतवैद्य आधी खोबण कोमट निर्जंतुक सलाईनने हलक्या हाताने धुतात, अडकलेले कण काढतात. पूर्वी खोबण खरवडून नवे रक्त आणण्याची पद्धत होती, ती आता योग्य मानत नाहीत. त्याने दुखणे लांबते. मग तिथे औषधाची पट्टी किंवा तंतुमय मलम भरतात. यात बहुधा युजेनॉल असते, म्हणजे आपल्या लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. ते नसांची टोके शांत करते. पेशंट खुर्चीतून उठायच्या आत बरेचदा ठणका अर्ध्यावर येतो. कापडी पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, असे दोन-तीन वेळा. बरे वाटले म्हणून पुढच्या वेळी जायचे टाळू नये, कारण आत राहिलेली पट्टी स्वतःच जखम भरू देत नाही.

युजेनॉल लवंगेतूनच येते तर घरीच लवंगेचे तेल का घालू नये, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दंतवैद्य ते मोजून, दुसऱ्या पदार्थात मिसळून वापरतात. बाटलीतून सरळ ओतलेले तेल हिरडी आणि गाल भाजून काढते, आणि कुटलेल्या लवंगेचे काय होते ते वर आलेच आहे. अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवर ठेवणे, कापूर, बाम, पेट्रोलचा बोळा, हे सगळे त्याच माळेतले. मी एकाच्या गालात आतून रुपयाएवढी पांढरी भाजलेली जागा पाहिली आहे, ती अ‍ॅस्पिरिनची होती.

दंतवैद्याकडे पोचेपर्यंत काय करावे? कोमट मिठाच्या पाण्याने खड्डा हळू धुवावा आणि वेदनाशामक गोळी पोटात घ्यावी. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, दोन्हींपैकी कोणती आणि किती ते आपल्या डॉक्टरला विचारून. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर किंवा दमा आहे त्यांनी आयब्युप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नये.

क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हे औषध हल्ली प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते. दात काढण्याच्या आधी आणि नंतर या औषधाने गुळण्या केल्या, किंवा दंतवैद्याने खोबणीत त्याचे जेल घातले, तर कोरड्या खोबणीचे प्रमाण कमी होते, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आणि नंतरच्या आढाव्यांत निघाला आहे. तेव्हा प्रतिबंधासाठी ते चांगले. एकदा खोबण कोरडी पडल्यावर मात्र ती या औषधाने धुऊ नये. ब्रिटनमध्ये अशी खोबण क्लोरहेक्सिडिनने धुताना तीव्र अ‍ॅलर्जी होऊन दोन पेशंट दगावल्याची नोंद आहे. अशी अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ, पण साध्या सलाईनने काम होत असताना तो धोका कशाला?

पहिले तीन दिवस

दाढ काढल्यावर दंतवैद्य कापसाचा बोळा देतात तो अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. मधेमधे काढून रक्त येते का ते बघायचे नाही. लाळेत थोडे रक्त मिसळले की तोंडभर रक्त आल्यासारखे वाटते. ती लाळ गिळून टाकावी. धुळ्याहून निघालेला माणूस बसच्या खिडकीतून घरापर्यंत थुंकत येतो, कारण खराब रक्त वाहून गेलेले बरे, असे त्याच्या मनात असते. ते रक्त खराब नसते, खोबणीला त्याचीच गरज असते.

पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर ते पाणी तोंडात धरायचे, मान कलती करून इकडून तिकडे फिरवायचे आणि तोंड उघडून पडू द्यायचे. पिचकारी मारायची नाही. बाकीचे दात ब्रशने घासावेत, खड्ड्याची जागा सोडून. बसस्थानकावरचा उसाचा रस नळीने ओढू नये. शोषण्याने गुठळीवर ताण येतो, शिवाय त्या बर्फाचा भरवसा काय. दारू वर्ज्य. बिडी, तंबाखू, मशेरी निदान तीन दिवस बंद, आठवडाभर ठेवता आली तर फारच चांगले. (आठवडा जमला तर पुढेही जमेल, असे मी प्रत्येकाला म्हणतो. शंभरात दोघे-तिघे खरेच सोडतात.)

खाण्याच्या बाबतीत आपण जळगावकर-धुळेकर थोडे अडचणीत येतो. शेवभाजीची शेव, ठेच्यातला शेंगदाण्याचा कूट, कळण्याची भाकरी, सगळे नेमके खड्ड्यात जाऊन बसणारे, वर तिखटाचा जाळ. तीन-चार दिवस मऊ खिचडी, दहीभात, गार केलेला शिरा, दूध-पोळी कुस्करून, असे खावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे. आणि केळी तर आपल्या घरचीच आहेत. मधुमेह नसेल त्याने खुशाल खावीत. चहा कोमट करून प्यावा. भरीत चालेल का, असे एका वकीलसाहेबांनी विचारले होते. मिरची वगळून चालेल असे मी म्हटल्यावर त्यांनी चौथ्या दिवसापर्यंत थांबणे पसंत केले.

ज्याला एका बाजूला हा त्रास झालेला आहे, त्याने दुसऱ्या बाजूची दाढ काढण्याआधी ते दंतवैद्याला अवश्य सांगावे. ते आधीपासून गुळण्या देतील, खोबणीत जेल घालतील आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावतील.

कोरडी खोबण नसेल तर

तिसऱ्या दिवसाचे प्रत्येक दुखणे कोरड्या खोबणीचेच असते असेही नाही. ताप भरला, गाल किंवा हनुवटीखालचा भाग सुजत चालला, तोंड उघडेना, घोट गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी झाली, तर तो जंतुसंसर्ग पसरल्याचा प्रकार आहे. त्यात श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे अँटिबायोटिक लागतेच आणि शिरेतून लागते.

वरच्या जबड्यातील खोबण भरत नसेल तर माझे लक्ष अधिक जाते, कारण तिथे कोरडी खोबण मुळात कमी. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. त्यांतल्या अनेकांची सुरुवात वरची दाढ दुखणे, दात हलू लागणे, गाल बधिर होणे अशी होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने हा आजार कळवणे बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले होते. लाट ओसरली, पण साखर फार वाढलेल्या मधुमेह्यांत हा आजार पूर्वीही होता आणि आजही अधूनमधून दिसतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी इंजेक्शने घेतलेल्यांची, तसेच तोंडाला-मानेला रेडिएशन झालेल्यांची खोबणही महिनोन्महिने भरत नाही. त्यांनी दात काढण्याआधीच तसे सांगायला हवे.

कोरडी खोबण दोन आठवड्यांत शांत होते. तीन आठवडे उलटूनही खड्डा तसाच असेल, त्यातून मांस वर येत असेल, कडा टणक लागत असतील, खालचा ओठ बधिर झाला असेल, आणि माणूस तंबाखू किंवा मशेरीवाला असेल, तर आणखी एक पट्टी, आणखी एक गोळी असे करत बसू नये. कित्येकदा दात हलत होता तो कॅन्सरमुळेच, आणि तो काढल्यावर गाठ खोबणीतून वर आली, असे निघते. अशा जागेचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या तपासणीसाठी मुंबईपर्यंत जावे लागत नाही. जाताना दात कधी काढला ती तारीख आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवावी.